झेल ताईचा होता

तो झेल कुसुमताईचा होता. मी घेतला.

शबानाचा बॉल टप्पा पडून बाहेर निघाला, कर्नाटकच्या बॅट्समन पोरीने आळसात बॅट पुढे केली, आणि कड घेऊन बॉल पहिल्या स्लिपकडे गेला. छातीच्या उंचीवर, हात पुढे केले की काम झालं असा. मी विकेटच्या मागून उजवीकडे झेपावले, ताईच्या तोंडासमोरून ग्लोव्ह घातला आणि बॉलसकट तिच्या पायाशी आपटले.

"मंदाताई, काय घेतलात हो!" आमची कॅप्टन रेवती पाटणकर कव्हरमधून पळत आली. शबाना तर माझ्या अंगावरच पडली. बाउंड्रीवर शाळेच्या पोरी आल्या होत्या, त्यांनी टाळ्यांचा नुसता कल्ला केला. मंडपात बसलेल्या कामत मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडम निवड समितीच्या. परदेश दौऱ्याचा संघ त्या उद्या सामना संपल्यावर जाहीर करणार होत्या, म्हणून त्यांच्या पेन्सिलीकडे आम्हा अकराजणींचं लक्ष होतं.

मी मान वर करून बघितलं. ताई तिथेच उभी होती. हात पुढे, बोटं उघडी, गुडघे वाकलेले, सगळं पुस्तकात दाखवतात तसं. हात बरोबर जागी आले होते, पण बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये बसल्यावर आले होते. हे फक्त मला दिसलं, कारण तिच्या हातांना माझ्याइतकं जवळून कुणी बघितलेलंच नव्हतं.

"छान घेतलास," ती म्हणाली. पण हात देऊन उठवलं नाही.

ही पंचाण्णव सालची गोष्ट. नाशिक, जानेवारी, तीन दिवसांच्या सामन्यातली दुसरी संध्याकाळ. मी मंदाकिनी साळोखे, कोल्हापूरची, तेव्हा सदतीस वर्षांची. आणि कुसुम इंगवले एक्केचाळीस. आजच्या पोरींना हे नाव सांगितलं तर कोण म्हणून विचारतात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. देशासाठी चौदा सामने, चार शतकं, आणि पहिल्या स्लिपमध्ये उभी राहिली की समोरच्या संघाने बॅटची कड लावायला घाबरावं अशी बाई. सतरा वर्षं मी विकेटमागे आणि ती माझ्या उजव्या हाताला. आमच्यात दीड हाताचं अंतर. माझ्या नवऱ्याशी मी जितकं बोलले नसेन तितकं त्या दीड हातात बोलले आहे. बॉलर माघारी चालत जाईपर्यंत आमची भाजी-आमटीपासून सगळी चर्चा होऊन जायची.

लग्नाचं कुणी विचारलं की ताई म्हणायची, "हा सीझन संपू दे की." असे वीसेक सीझन संपले. सकाळी मैदान, मग पोस्टाची नोकरी, संध्याकाळी परत मैदान. एवढं करून परदेश दौरा तिला एकदाही मिळाला नव्हता. एकदा दौराच रद्द झाला, एकदा बोट मोडलं, एकदा विमानाला चार दिवस असताना वडील गेले. ह्या खेपेला तिने पासपोर्ट करून ट्रंकेत ठेवला होता. मला दाखवला, फोटोत डोळे वटारलेले. "पोलीस पकडून नेतील गं मला तिकडे," म्हणाली आणि पोट धरून हसली.

ती खेळायची अजून, हे खोटं नाही. पहिल्या डावात एकसष्ट धावा केल्या होत्या. बॉलरच्या मनगटाकडे बघून बॉल कुठे पडणार हे तिला आधीच कळायचं, त्यामुळे बॅटिंग निभावत होती. स्लिपमध्ये तसं आधी काही कळत नाही. कड लागली की डोळे मिटायच्या आत बॉल अंगावर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, नंबर नाही. नंबर नव्हताच. वय होतं.

त्या संध्याकाळी आम्ही शाळेच्या नळावर कपडे धूत होतो. मुक्काम शाळेतच, दोन वर्ग आम्हाला दिलेले, बाकं भिंतीला लावून खाली सतरंज्या. पांढरे कपडे दुसऱ्या दिवशी पांढरे दिसायला हवेत म्हणून आम्ही बादलीत नीळ घालायचो. रेवती माझ्या शेजारी येऊन बसली. तेवीस वर्षांची पोरगी, हुशार, पण मोठ्यांशी बोलताना घसा साफ करायची.

"मंदाताई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की. रागवायचं का ते ऐकल्यावर ठरवते."

"उद्या कुसुमताईंना मिड-ऑनला उभं करू का? त्यांना ब्याऐंशी हव्यात, पाच विकेट हातात आहेत. एक झेल सुटला तर सामना गेला."

"ताईने आजवर किती सोडलेत?"

"सोडलेले नाहीत," रेवती हळू म्हणाली. "कारण सगळे तुम्ही घेता."

मी सदरा असा पिळला की बटण तुटलं. "कॅप्टन तू आहेस ना? मग तू सांग. माझ्याकडून कशाला वदवून घेतेस?"

"मी कशी सांगू? मला बॅट कशी धरायची ते त्यांनी शिकवलंय."

ती उठून गेली आणि मी नळ तसाच वाहता ठेवून बसले. कारण सांगायचं काम माझंच होतं. तसं ठरलेलंच होतं. सहा वर्षांपूर्वी आमच्या आधीच्या कॅप्टनला काढलं, ते तिला फळ्यावरच्या यादीत नाव नाही म्हणून कळलं. बिचारी ती यादी तीनदा वाचत उभी राहिली. ते बघून ताईने मला बाजूला घेतलं होतं. "मंदे, माझं असं होऊ द्यायचं नाही. कुणी मला काढायच्या आत तू सांगायचंस. तू सगळ्यात जवळ उभी असतेस." मी तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

आणि दोन वर्षं मी गप्प होते. नुसती गप्प नव्हे. खरं काय केलं ते आता सांगते.

सामन्याच्या सकाळी आम्हा दोघींचा एक नेम होता. वीस झेल. ताई स्लिपमध्ये उभी राहायची, रेवती किंवा दुसरी कुणी मला बॉल टाकायची, आणि मी बॅटची कड लावून तो तिच्याकडे उडवायचे. वीस स्वच्छ झाल्याशिवाय ताई न्याहारीला हात लावायची नाही. एक सुटला की परत एकपासून. दोन वर्षांपूर्वी सोलापूरला एका सकाळी तिचे चार सुटले. पाचव्याला मी बॅट जरा सैल धरली. बॉल मऊ उडाला, तिने घेतला, खूश झाली. तेव्हापासून मी बॅट सैलच धरत आले. रोज वीसला वीस. सकाळी असले झेल घेऊन ती छाती पुढे काढून मैदानात यायची, आणि मैदानात जे कठीण येतील ते मी तिच्यासमोरून उचलायचे. तिला वाटायचं, मंदीला हल्ली फार हौस आलीय.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवतावर दहिवर होतं, हात कापत होते. रेवती बॉल टाकायला उभी राहिली. ताईने टोपी मागे सारली.

"चल गं मंदे. आज झटपट उरक, कांदेपोहे आहेत म्हणे."

मी बॅट घट्ट धरली. रात्रभर दुसरं काही ठरवलं नव्हतं, एवढंच ठरवलं होतं.

पहिला बॉल कड घेऊन गेला तो थेट तिच्या मनगटावर बसला. "हात गार पडलेत," ती म्हणाली आणि तळवे चोळले. दुसरा बोटांना लागून मागे गेला. तिसरा तिने घेतला. चौथा खांद्यावर. पाचव्याला हात वर आले तेव्हा बॉल मागच्या कुंपणाला लागला होता. रेवती थांबली.

"टाक," मी ओरडले.

सहावा तिच्या हनुवटीला घासून गेला. ताईने हनुवटीला हात लावला, बोटावरचं रक्त बघितलं, आणि मग माझ्या बॅटकडे बघितलं. बॅटकडे म्हणजे बॅट धरलेल्या माझ्या मुठींकडे. इतका वेळ बघितलं की मी बॅट खाली टेकवली.

"रेवती, तू जा. पोहे खाऊन घे," ती म्हणाली.

रेवती गेली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मंदे, मला आता आणखी उल्लू बनवू नकोस. तू कधीपासून मला पोरीबाळींचे झेल देतेस?"

"सोलापूरपासून."

ती मटकन गवतावर बसली. ओल्या गवतावर, नीळ घातलेल्या पांढऱ्या कपड्यात. मीही समोर बसले.

"आणि कालचा?"

"तुझा होता."

"असे किती?"

"सात. मोठ्या सामन्यांतले. बारीकसारीक मोजले नाहीत."

"सात!" तिचा आवाज चिरकला. "मी रोज सकाळी वीस घेऊन मैदानात येते, आणि म्हणते, आहे अजून दम. आरशात बघून म्हणते गं! आणि तू बॅट सैल धरून मला... तुला मी काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं मी तुला?"

"ताई, तुझा दौरा..."

"दौऱ्याचं नाव काढू नकोस! माझ्यासाठी केलंस म्हणतेस?"

"हो. मग कुणासाठी?"

"फक्त माझ्यासाठी?"

ह्या प्रश्नाला मी दोन वर्षं बगल दिली होती, आणि ती बाई तो सहज विचारून बसली. त्या सात झेलांनी माझं नाव झालं होतं. पेपरात 'चपळ साळोखे' म्हणून छापून आलं होतं. सदतीसाव्या वर्षी दौऱ्यासाठी माझं नाव घेत होते, ते कशाच्या जोरावर? तिच्या वाटचे झेल तिच्यासमोरून उचलून. ती स्लिपमधून हलली असती आणि तिथे तरणी पोर आली असती, तर मला झेपावायला काही उरलंच नसतं. ताईवर माझा जीव होता, हे खरं. आणि हेही खरं.

"नाही," मी म्हटलं. "फक्त तुझ्यासाठी नाही."

मला वाटलं, आता कानाखाली बसते. ती नुसती मान हलवत राहिली. मग उठली, मागचा ओला भाग झटकला.

"आज मी स्लिपमध्येच उभी राहणार."

"ताई, रेवती म्हणत होती मिड-ऑन..."

"आज स्लिपमध्येच. आणि तू तुझ्या जागी राहायचंस. माझ्याकडे आलेला बॉल माझा. सुटला तर सुटला, सगळ्यांना दिसू दे, मला दिसू दे. पण आज मध्ये आलीस ना मंदे, तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

ती हे ओरडून बोलली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली. मी हो म्हटलं.

अकराच्या सुमारास कर्नाटकला एकोणपन्नास हव्या होत्या आणि चार विकेट शिल्लक. त्यांची एक उंच, शांत पोरगी पंचावन्नवर खेळत होती. ती असेपर्यंत सामना त्यांचाच, हे आम्हाला कळत होतं. शबाना नव्या दमाने आली. ताई माझ्या उजव्या हाताला, गप्प. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या दीड हातात एक शब्द नव्हता.

शबानाचा तिसरा बॉल. कड. मला आवाज ऐकू आला, बॉल दिसला, वाट दिसली. तिच्या डाव्या कानाच्या बाजूने, जोरात, माझ्या उजव्या हाताला येईल असा. माझं अंग निघालंसुद्धा. उजवा पाय दाबला गेला, खांदा वळला. माझ्याकडून सुटूच शकला नसता असा झेल होता, आणि तो सुटला तर सामना आणि ताईचा दौरा दोन्ही जाणार होते. मी पाय रोवला. देवाशपथ सांगते, दोन बाळंतपणं काढलीत मी, पण इतका जोर कधी लावावा लागला नाही. मी जागची हलले नाही.

थाप ऐकू आली.

मी वळले. ताईचे दोन्ही हात कानापाशी होते आणि बॉल हातात होता.

काय दंगा झाला! शबाना किंचाळत धावली, रेवतीने ताईला कमरेला धरून उचललं, शाळेच्या पोरी मैदानात घुसायला बघत होत्या. मंडपात कामत मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी तर वेडीच झाले. म्हटलं, सुटलो! काही झालेलंच नाही, सकाळी हात गार होते एवढंच! मी तिच्या गळ्यात पडले.

"घेतलास की गं ताई! घेतलास!"

तिने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबलं आणि कानात म्हणाली, "मंदे, मला बॉल दिसला नाही."

"काय?"

"कड लागल्याचं ऐकलं आणि हात वर गेले. मधलं काही दिसलंच नाही. तो येऊन बसला हातात."

आणि मी, सकाळी एवढं सगळं होऊनही, काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "कुणाला कळणार नाही ताई."

तिने मला दोन्ही दंडांना धरून लांब केलं. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा घट्ट.

"मला कळलं ना," ती म्हणाली. "बास."

ती वळली आणि रेवतीकडे गेली. "कॅप्टन, स्लिपमध्ये तुझी ती साताऱ्याची पोर लाव. हात चांगले आहेत तिचे. मी फाइन लेगला जाते." रेवती माझ्याकडे बघायला लागली. ताई म्हणाली, "तिच्याकडे काय बघतेस? कॅप्टन तू आहेस. लाव." आणि कुसुम इंगवले पळत पळत फाइन लेगला गेली, जिथे नव्या पोरींना उभं करतात. तिथून टाळ्या वाजवून शबानाला ओरडत राहिली. एक चौकार तिच्या हाताखालून गेला, तो आणायला तीच धावली.

सामना आम्ही नऊ धावांनी जिंकलो. तो शेवट मला नीट आठवतही नाही. आठवतो तो मंडप, चहाच्या कपबश्या, आणि कामत मॅडम वही उघडून ताईसमोर उभ्या.

"कुसुम, आजच्या झेलानंतर काही विचारायचं ठेवलंच नाहीस गं. तुझं नाव सगळ्यात वर लिहिलंय. यंदा जायचं हं, विमानात बसेपर्यंत मी तुला सोडणार नाही."

सगळ्याजणी हसल्या. ताई बूट सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोडा मॅडम."

"काय?"

"माझं नाव खोडा."

"अगं, काय झालं? दुखापत आहे का? घरी काही?"

मला वाटलं, ती गुडघा म्हणेल, आई आजारी आहे म्हणेल. कुणीही तेच म्हणालं असतं आणि ते शोभूनही दिसलं असतं. ताईने दुसरा बूट सोडला, दोन्ही बूट जोडून बाजूला ठेवले, उभी राहिली.

"मला बॉल दिसत नाही, मॅडम. आजचाही दिसला नव्हता."

कामत मॅडमची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली. रेवती तोंडावर हात ठेवून उभी.

"हिचं नाव मात्र ठेवा," ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला दिसतो. माझ्या वाटचासुद्धा."

कामत मॅडमना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी पेन्सिल उचलली आणि सगळ्यात वरच्या नावावर एक रेघ मारली. ताईने ती रेघ पुरी होईपर्यंत बघितली. मग खाली बसली आणि मोजे काढायला लागली. मला काही सुधरेना. तोंडात पदर कोंबावा तर अंगात पॅन्ट-शर्ट. मी तशीच हुंदके देत उभी राहिले.

"रडतेस काय सगळ्यांसमोर?" ताई खेकसली. "घसा कोरडा पडलाय माझा. पाणी आण जा."

मी नळावर गेले. पाणी मोठं सोडलं, त्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं, तोंड धुतलं, आणि तांब्या भरून तिच्यासाठी पाणी घेऊन आले.